रकाना कोण आखतं?

कुणी चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी गुरांना वैरण टाकून नुकत्या टेकला असाल, कुठं गटाची बैठक चालू असेल आणि मधोमध रेडिओ ठेवला असेल. सगळ्यांना आमचा नमस्कार.

आम्ही तालुक्याच्या कार्यालयात काम करणाऱ्या बाया. आमच्यातली कुणी टेबलावर अर्ज तपासते, कुणी अंगणवाड्यांची देखरेख करते, कुणी बचत गटांच्या कामाला गावोगाव फिरते. आजचं बोलणं आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं आहे, म्हणून त्यात ‘मी’ कुठं येणार नाही. ‘आम्ही’ येईल आणि ‘तुम्ही’ येईल.

विषय आहे सरकारी धोरण आणि कॉम्प्युटर. धोरण म्हटलं की वाटतं, ते मुंबईत मंत्रालयात ठरतं, आपला काय संबंध? पण आता धोरण तुमच्या हातातल्या मोबाईलवर येतं. अर्ज भरायला बसलात की पडद्यावर चौकोनी रकाने दिसतात. नाव, पतीचं नाव, आधार, बँक खातं. एखादा रकाना भरता आला नाही तर पुढचं पान उघडत नाही. तिथंच गाडी अडते. आज आपण त्या रकान्यांबद्दल बोलणार आहोत. ते कोण आखतं, आणि आखताना तुमचं म्हणणं तिथं कसं पोचवायचं.

आधी आमच्या बाजूनं काय दिसतं ते सांगतो. पूर्वी कागदी अर्ज असायचा. एखाद्या बाईचं काही वेगळं असलं तर ती समासात लिहायची, किंवा सोबत एक साधा कागद जोडायची. टेबलावरची बाई तो वाचायची आणि शेरा मारून साहेबांकडं पाठवायची. पडद्याला समास नसतो. शासन निर्णय निघतो तेव्हा तो चार-पाच पानांचा असतो. त्यावरून कुणीतरी ॲप किंवा पोर्टल तयार करतं. त्या चार-पाच पानांचे वीस रकाने होतात. वीस रकान्यांत जे मावलं ते आमच्यापर्यंत येतं, जे मावलं नाही ते बाहेरच राहतं. आम्हाला तो रकाना बदलता येत नाही. तुम्ही आमच्या टेबलाशी येऊन भांडता तेव्हा आम्हालाही तोच पडदा दिसत असतो.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना. २८ जून २०२४ ला शासन निर्णय निघाला. महिन्याला दीड हजार रुपये. सुरुवातीला अटी काय होत्या आठवा. वय २१ ते ६०. अर्जाची मुदत १५ जुलै. अधिवास दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, घरात पाच एकरांहून जास्त जमीन नको. मग तहसील कचेऱ्यांपुढं आणि सेतू केंद्रांपुढं काय रांगा लागल्या, ते तुम्ही पाहिलंत. तुमच्यातल्या कितीजणी त्या रांगेतच होत्या.

त्या रांगांनी एक काम केलं. आठवड्याभराच्या आत अटी बदलल्या. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली. वय ६५ पर्यंत वाढलं. पाच एकरांची अट निघाली. अधिवास दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला चालेल असं ठरलं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज उरली नाही. परराज्यात जन्मलेली आणि इथं लग्न होऊन आलेली बाई असेल, तर नवऱ्याची कागदपत्रं चालतील असंही ठरलं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, अट म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ती माणसांनी लिहिलेली असते आणि माणसांना पुसता येते. दुसरी, ती पुसली जाण्याआधी हजारो बायांना रोजगार बुडवून रांगेत उभं राहावं लागलं. बाईच्या जन्माचा दाखला कुठं सापडतो, सासरी आल्यावर तिच्या नावाचा कागद कोणता उरतो, हे आधीच कुणी तुम्हाला विचारलं असतं तर ती रांग लागलीच नसती. आपल्यात म्हणतात ना, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. म्हणून ज्याचं जळतं त्याला आधी विचारावं, एवढंच आमचं म्हणणं.

त्याच योजनेतली पुढची गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारची पडताळणी मागितली. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकायचा, मगच काम पुढं सरकणार. आता जिचा नवरा वारला आहे आणि वडीलही नाहीत, तिनं कुणाचा नंबर टाकायचा? हा प्रश्न गावागावातून उठला. मग नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि अशा बायांनी स्वतःपुरती ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद द्यावा, अशी सोय झाली.

चांगलं झालं. पण थोडं थांबून विचार करा. मृत्यूचा दाखला विधवेकडं असतो. घटस्फोटाचा कागद घटस्फोटितेकडं असतो. जिला नवऱ्यानं टाकलं आहे, जी दहा वर्षं भावाच्या दारात राहते, जिचा नवरा पुण्यात की सुरतेत हेही तिला माहीत नाही, तिच्याकडं कोणता कागद असतो? कोर्टात ती कधी गेली नाही, कारण कोर्टात जायला पैसे नव्हते. योजनेच्या शासन निर्णयात ‘परित्यक्ता’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे धोरणानं तिला धरलं आहे. पण पडद्यानं नवऱ्याचा नंबर मागितला की ती सुटते. धोरण आणि रकाना यांच्यातल्या फटीत पडणारी बाई बहुतेक वेळा अशीच असते, आधीच एकटी, आधीच गप्प. तिच्यासाठी बोलायचं तर ते तुम्हालाच बोलावं लागेल. तिचं घर तुम्हाला माहीत आहे, मुंबईतल्या कॉम्प्युटरला माहीत नाही.

नावाचंही तसंच. आपल्याकडं मुलीचं लग्न झालं की मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलंही नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. आधारवर ‘सुमन’ आणि बँकेत ‘सुमनबाई’. माणसाला कळतं की ही एकच सुमन. कॉम्प्युटर अक्षरं जुळवतो, त्याला दोन बाया दिसतात. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच राहतं, म्हणून हा त्रास पुरुषांना फार कमी. रकाना आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असं न बदलणारं नाव असेल, तर बदललेलं नाव त्याला चूक वाटणारच.

पण रकाना बाईच्या बाजूनंही आखता येतो. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात नियम झाला, की त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदपत्रांवर लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. आईच्या नावाला स्वतःची जागा मिळाली. ही साधी गोष्ट नाही. उद्या ते मूल शाळेत जाईल, बँकेत जाईल, नोकरीला लागेल, आणि प्रत्येक कागदावर आई असेल. एका रकान्यात किती ताकद असते, ते यावरून ओळखा.

आता अंगणवाडी ताईंची गोष्ट. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आणलं. मुलांची वजनं, उंची, आहार, गरोदर बायांच्या नोंदी, सगळं त्यात भरायचं. कल्पना वाईट नव्हती. वही भिजते, हरवते, जिल्ह्याला पोचायला महिना जातो. पण ताईंच्या हातात होते २०१९ मध्ये मिळालेले फोन. ते मंद चालायचे, तापायचे, ॲप त्यात धड उघडत नव्हतं. शिवाय सुरुवातीला नोंदी इंग्रजीत कराव्या लागत होत्या. ज्या ताई वीस-वीस वर्षं मराठीत चोख रजिस्टर ठेवत होत्या, त्या एकाएकी अडाणी ठरल्यासारख्या झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो ताईंनी एकत्र येऊन ते फोन सरकारला परत केले. काम नाकारलं नाही. काम चालू ठेवायला आम्ही तयार आहोत, पण हत्यार चालण्यासारखं द्या आणि आमच्या भाषेत द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आज ते ॲप मराठीतही वापरता येतं. बोथट विळ्यानं कापणी होत नाही आणि त्याचा दोष कापणाऱ्या बाईला देता येत नाही, हे एकेकटी ताई सांगत राहिली असती तर कुणी ऐकलं नसतं.

भाषेचा प्रश्न कायद्यांनाही आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं ठरवलं, की नवा कायदा करण्याआधी त्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढं ठेवायचा आणि सूचना मागवायच्या. ठरलं चांगलं. पण मसुदा येतो इंटरनेटवर, आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. २०२० मध्ये पर्यावरणाबाबत एक मोठा मसुदा आला. खाण, धरण, कारखाना सुरू करण्याआधी काय तपासायचं, लोकांचं किती ऐकायचं, हे त्यात होतं. ज्यांच्या गावात खाण होणार त्यांना तो मसुदा वाचता येत नव्हता, कारण तो फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२० ला न्यायालयानं सांगितलं, की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत याचं भाषांतर करा, आणि सूचना द्यायची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. मराठी त्या अनुसूचीत आहे. म्हणजे ‘हे मराठीत द्या’ असं म्हणणं हा हट्ट नाही. तो रास्त हक्क आहे, आणि न्यायालयानं तो मानलेला आहे.

आता ऑनलाइन सहकार्य म्हणजे काय, ते पाहू. शब्द नवा आहे, गोष्ट आपल्या ओळखीची. आपल्याकडं सावड असते. आज तुझ्या शेतात सगळ्या, उद्या माझ्या शेतात सगळ्या. इर्जिक असते, बैलजोड्या घेऊन सगळा गाव एकाच्या रानात उतरतो आणि दिवसात नांगरट उरकते. कॉम्प्युटरवर असंच करता येतं. एकाच कागदावर शंभर जण आपापल्या जागी बसून लिहू शकतात, चूक दाखवू शकतात, दुरुस्ती सुचवू शकतात. सरकारनं तो कागद उघडा ठेवला पाहिजे, आणि लिहिलेलं वाचलं पाहिजे. या दोन अटी पाळल्या तर काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो. एक आपल्या देशातलं, एक परदेशातलं.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन नावाची संघटना आहे. १ मे १९९० ला ती सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी अरुणा रॉय या आमच्यासारख्याच सरकारी सेवेतल्या, पण फार वरच्या जागेवरच्या. त्या आयएएस अधिकारी होत्या. नोकरी सोडून त्या खेड्यात राहायला गेल्या. तिथं दुष्काळी कामावरच्या बायांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती. विचारलं तर उत्तर यायचं, तुम्ही कामच कमी केलं. मग लोकांनी हजेरीपट मागितले. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मांडव घातला, हजेरीपट आणि बिलं मोठ्यानं वाचली. लोक उठून सांगू लागले, हे काम झालंच नाही, हा माणूस कामावर नव्हताच. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. त्याच आणि तशा अनेक चळवळींतून देशाला २००५ चा माहितीचा अधिकार कायदा मिळाला.

याच लोकांनी पुढं कॉम्प्युटरला हाताशी धरलं. १३ सप्टेंबर २०१९ ला राजस्थान सरकारनं जनसूचना पोर्टल सुरू केलं. माहितीच्या अधिकाराच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे, की कुणी अर्ज करण्याची वाट न बघता सरकारनं आपणहून माहिती लोकांपुढं ठेवावी. ते पोर्टल त्यासाठीच. गावातल्या रेशन दुकानात किती धान्य आलं, कुणाच्या कार्डावर किती उचललं गेलं, पेन्शन कुणाला मिळते, हे अर्ज न करता, फी न भरता बघता येतं. आमच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट ही, की ते पोर्टल नुसतं अभियंत्यांनी बसून केलं नाही. सरकारचे आयटी खात्याचे अधिकारी आणि गावात काम करणाऱ्या संघटना वरचेवर एकत्र बसायच्या. लोकांना कोणती माहिती हवी, ती कोणत्या शब्दात कळते, कुठं अडतं, हे एकमेकांना सांगायचे. मजूर सांगणार आणि अभियंता रकाना दुरुस्त करणार. जनसुनवाईचा मांडव कॉम्प्युटरपर्यंत पोचला तो असा.

परदेशातलं उदाहरण आहे तैवानचं. चीनच्या किनाऱ्यासमोरचं हे बेट. तिथं सरकारनं लोकांच्या सूचनांसाठी एक संकेतस्थळ ठेवलं आहे. एखाद्या सूचनेला साठ दिवसांत पाच हजार लोकांनी पाठिंबा दिला, की त्या खात्याला उत्तर द्यावंच लागतं. एका शाळकरी मुलीनं तिथं प्लास्टिकच्या नळ्यांबद्दल सूचना मांडली. पाठिंबा मिळाला, चर्चा झाली, आणि जुलै २०१९ पासून अनेक हॉटेलांत आणि शाळा-कचेऱ्यांत बसून पिणाऱ्यांना प्लास्टिकची नळी देणं बंद झालं.

तिथलीच दुसरी गोष्ट आम्हाला जास्त आवडली. मे २०१७ मध्ये एका माणसानं चिडून लिहिलं, की सरकारचं कर भरायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या जिवावर उठलं आहे. पाठोपाठ कितीतरी जण तेच लिहू लागले. ऑड्री तांग यांच्याकडं तेव्हा मंत्रिमंडळात डिजिटल कामाची जबाबदारी होती. तक्रार करणाऱ्यांनाच बोलावणं गेलं, की या, आपण बसून ते दुरुस्त करू. अर्थखात्याचे अधिकारी आणि चिडलेले लोक एका टेबलाशी बसले. कुठल्या पानावर माणूस अडखळतो, ते पानापानानं पाहिलं. पुढच्या वर्षी नवं सॉफ्टवेअर आलं.

आणि ज्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी तिथं साधा फोन होता. कोरोनाच्या दिवसांत १९२२ हा नंबर कुणालाही फुकट फिरवता यायचा. एप्रिल २०२० मध्ये एका घरातून तक्रार गेली, की आमच्या मुलाला गुलाबी मास्क मिळाला आहे आणि वर्गातली मुलं हसतील म्हणून तो शाळेत जायला नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री आणि सगळे अधिकारी वार्ताहरांपुढं गुलाबी मास्क लावून बसले. लहान पोराचं गाऱ्हाणंही वरपर्यंत पोचलं, आणि पोचल्याचं सगळ्यांना दिसलं.

आता कुणी म्हणेल, ते लहानसं श्रीमंत बेट, आपलं काय? बरोबर आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात दिसलं, की देशातल्या खेड्यांत साधारण चारातल्या एकाच बाईनं कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हे प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. त्यानंतर फोन वाढले असतील, पण घरातला चांगला फोन अजून कुणाच्या खिशात असतो ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून सरकारनं नुसतं संकेतस्थळावर ‘सूचना पाठवा’ लिहिलं, तर सूचना कुणाच्या येणार? ज्याच्या हातात फोन, ज्याच्या डोक्यावर रेंज, ज्याला वेळ, त्याच्या. म्हणून ऑनलाइनला गावातल्या बैठकीचा जोड हवा. एका फोनवर वीस बायांचं म्हणणं जाऊ शकतं. त्याला प्रत्येकीकडं फोन असायची गरज नाही, गट असला की पुरे. तो तुमच्याकडं आहे.

मग करायचं काय? आम्ही टेबलाच्या या बाजूला बसतो, त्यामुळं कोणता कागद हलतो आणि कोणता पडून राहतो हे आम्हाला जवळून दिसतं. त्यावरून पाच गोष्टी सांगतो.

पहिली. गटात एक अडचण वही ठेवा. तिचे रकाने तुम्ही आखा. तारीख, योजनेचं नाव, काम कुठल्या पानावर अडलं, पडद्यावर नेमके काय शब्द आले, आणि त्याऐवजी काय असायला हवं. पडद्याचा फोटो काढून ठेवा. ‘साईट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर कुणालाच काही करता येत नाही. ‘पतीचा आधार क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि आमच्या गावात अशा सात बाया आहेत’, हे सांगितलं की ते वर पाठवता येतं. मात्र वहीत कुणाचा आधार क्रमांक, खातं क्रमांक लिहू नका. आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, मदत करणारा ओळखीचा असला तरी आपल्यासमोर टाकायला लावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा.

दुसरी. एकेकटी येऊ नका. एका बाईची तक्रार आली की ती त्या बाईची अडचण ठरते. पंधराजणींची एकसारखी तक्रार आली की ती रकान्याची अडचण ठरते. गटाकडून ग्रामसंघाकडं, ग्रामसंघाकडून प्रभागसंघाकडं न्या. चार गावांत तेच अडत असेल तर एकच पत्र करा. गाव करी ते राव न करी, हे उगीच म्हटलेलं नाही.

तिसरी. महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरती होते. तिथं अडचण वही वाचा. ठराव करा, तो ग्रामसभेपुढं ठेवा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि प्रत मागा. ग्रामसभेचा ठराव आमच्या कार्यालयात आला की तो आवक रजिस्टरला चढतो, त्याला क्रमांक पडतो. तोंडी बोलण्याला क्रमांक पडत नाही.

चौथी. कायदे वापरा. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, कोणी द्यायची, मिळाली नाही तर अपील कुणाकडं, याचा फलक कार्यालयात लावायचा असतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना ती फी नाही, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘माझा अर्ज कोणत्या कारणानं नामंजूर झाला’ हे विचारा. रेशनबाबत एक लक्षात ठेवा. मोलमजुरीनं, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही. अंगठा लागला नाही किंवा आधार जोडलेलं नाही एवढ्यावरून खऱ्या कार्डधारकाला धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. अशा वेळी दुसरी ओळख घेऊन, नोंद करून धान्य द्यायचं असतं. दुकानदाराला हे शांतपणे सांगा, आणि नाही ऐकलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी द्या.

पाचवी गोष्ट सगळ्यांत साधी. नवी योजना आली की गटात तिचा अर्ज भरून बघा, आणि भरताना गावातल्या सगळ्यांत एकट्या बाईला समोर बसवा. विधवा असेल, टाकलेली असेल, अपंग असेल, पारधी वस्तीवरची असेल, ऊसतोडीला जाऊन नुकतीच परतलेली असेल. तिचा अर्ज शेवटपर्यंत गेला तर समजा बाकीच्यांचाही जाईल. तिचा जिथं अडला ते पहिल्याच आठवड्यात लिहून पाठवा. पहिल्या आठवड्यात रकाना बदलणं सोपं असतं. लाडक्या बहिणीच्या वेळी आपण ते पाहिलं. वर्षानं बदलायला गेलं तर तोवर तो सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो.

आमच्या सहकाऱ्यांनाही रेडिओवरून एक सांगणं आहे. तालुक्यात, जिल्ह्यात जे ऐकत असतील त्यांना. बाई टेबलाशी येऊन म्हणाली ‘पडदा पुढं जात नाही’, तर तिला परत पाठवण्याआधी एक ओळ लिहून घेऊ या. महिन्याच्या आढावा बैठकीत जशी उद्दिष्टं वाचतात, किती अर्ज भरले, किती टक्के झालं, तशाच किती अडले आणि कशामुळं अडले, हेही वाचू या. शंभरातले नव्वद अर्ज झाले हे सगळे सांगतात. राहिलेल्या दहा बाया कोण, हे बहुतेक वेळा धोरणाला कळतच नाही.

कॉम्प्युटर आला ते बरंच झालं. पैसा थेट बाईच्या खात्यावर येतो, मधे कुणाचा हात लागत नाही. सातबारा बघायला तलाठ्याची वाट बघावी लागत नाही. हे आम्हालाही पटतं, तुम्हालाही पटतं. म्हणूनच तो नीट चालावा, आणि त्यात प्रत्येक बाईला जागा असावी.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. एक दोनशे पानी वही आणा, पहिल्या पानावर पाच रकाने आखा, आणि ज्या बाईचं काम कुठं अडलं आहे तिला पहिली ओळ सांगायला लावा. कुणीतरी लिहिती मुलगी ती लिहून घेईल. पुढच्या महिन्यात महिला सभेला ती वही घेऊन जा. आमच्या कार्यालयात आलात तर वही सोबत आणा, आम्ही बघू.

नमस्कार.